चित्रकथांतील बालवीर आणि बदलते घर

कथा सांगणारा आणि कथा ऐकणारा यांच्यामध्ये आपल्या घरांत पूर्वी पुस्तक क्वचितच येत असे. ध्रुवाचे आख्यान मुलाच्या कानी प्रथम पडे ते आजीच्या तोंडून; पुढे तेच आख्यान देवळाच्या सभामंडपात हरिदासांच्या निरूपणातून त्याला पुन्हा भेटे. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी माणसे गाव सोडून शहरांत गेली, दोन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले गेले, आजी गावीच राहिली. अशा वेळी या कथांचे काय झाले, हा प्रश्न आपल्या सांस्कृतिक इतिहासात वाटतो त्याहून मोठा आहे.

चित्रे दाखवून कथा सांगण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आढळतो. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे एक ‘पोथी’. देवळात ती पोथी पुढे ठेवून, एकेक चित्र उचलून दाखवीत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगावयाचे, अशी ही पद्धत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना या परंपरेची प्रथमच ओळख झाली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चित्र एकटे बोलत नसे. त्याच्या पाठीशी सांगणाऱ्याचा आवाज असे.

पुढे छापखाना आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली, आणि १८९४ साली राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला. देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाली. परंतु भिंतीवरचे चित्र एकच क्षण दाखवी. कथा मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनाच सांगावी लागे.

ती उणीव भरून काढण्याचे काम एका कोकणी भाषक गृहस्थाने अंगावर घेतले. अनंत पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कारकळ येथे झाला. दोन वर्षांचे असतानाच आईबापांचे छत्र हरपले. पुढचे शिक्षण मुंबईत झाले. १९६७ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे दूरदर्शनवरील मुलांची प्रश्नमंजूषा त्यांच्या पाहण्यात आली. ग्रीक देवतांविषयीच्या प्रश्नांना मुलांनी उत्तरे दिली. परंतु रामाच्या आईचे नाव मात्र कोणास सांगता आले नाही. या प्रसंगाने पै अस्वस्थ झाले. इंडिया बुक हाउसने ‘अमर चित्र कथा’ या नावाने आरंभी परकीय परीकथा कन्नडमध्ये काढल्या होत्या, आणि मालेचे पहिले दहा क्रमांक त्यांतच गेले होते. अकराव्या क्रमांकाला पै यांनी ‘कृष्ण’ आणला, आणि मालेचे स्वरूपच पालटले. त्या अंकाची चित्रे राम वाईरकर यांची. प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांचाही पुढे मालेला मोठा हातभार लागला. बत्तीस पानांच्या या पुस्तिका पुढे चारशेहून अधिक झाल्या आणि मराठीसह अनेक भाषांत निघाल्या. मुले पै यांना ‘अंकल पै’ म्हणून पत्रे लिहीत. काकामामांपासून दुरावलेल्या घरांत एक काका टपालाने येऊ लागला, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

या मालेतील बालवीरांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांच्यापैकी फारच थोड्यांचे घर सुस्थिर आहे. ध्रुवाला सावत्र आई बापाच्या मांडीवरून उठविते. प्रल्हादाचा वैरी त्याचा जन्मदाताच. नचिकेताला रागावलेला बाप मृत्यूच्या हवाली करतो. लव-कुश आणि सिंहाच्या छाव्यांशी खेळणारा शकुंतलेचा भरत हे आश्रमात आईच्या छायेखाली वाढतात. बापाची ओळख त्यांना मागाहून होते. कृष्णाला जन्म देणारी एक, वाढविणारी दुसरी. शिवरायांचे बालपणही बव्हंशी जिजाबाईंच्या सहवासात गेले. शहाजीराजे दूर बंगळुरास असत. घर मोडले, पालटले, लहान झाले, तरी मुलाचे तेज मावळत नाही, ही शिकवण आपल्या पुराणांनी आधुनिक कुटुंबाच्या कितीतरी आधी देऊन ठेवली होती. बिऱ्हाडातल्या एकट्या मुलाला हे वीर आपले वाटले, त्याचे एक कारण येथे असावे.

तथापि या मालेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ‘कृष्ण’ अंकाच्या प्रारंभीच्या आवृत्तीत पै यांनी चमत्कारांच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. पुढे त्यांचा हा संकोच मावळला. बत्तीस पानांत कथा बसवावयाची म्हणजे पुष्कळ काही गाळावे लागते. शिवाय छापील रूप एकच असते. कीर्तनकाराचा ध्रुव आणि आजीचा ध्रुव हे नेमके सारखे नसत. गोव्यातील देवळांच्या काल्यात आणि दशावतारात प्रसंगाला स्थानिक बोलीचे व विनोदाचे निराळेच रंग चढत. एकच पुस्तक लाखो घरांत गेले, तेव्हा तेवढेच रूप खरे, असा समज होण्याचा धोका राहतो. शूद्र, स्त्री, वनवासी यांचे चित्रण पुरेसे न्याय्य झाले आहे काय, असाही आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही.

२४ फेब्रुवारी २०११ रोजी पै निवर्तले. त्यांच्या पुस्तिकांनी आजीची जागा घेतली असे कोणी म्हणतात. परंतु आजी मध्येच थांबून मुलाला विचारी, ‘आता ध्रुवाने काय करावे, सांग बघू?’ हा प्रश्न छापील पान विचारू शकत नाही. म्हणून ज्या देवस्थानांत आजही उत्सवात कीर्तन होते, तेथे एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी, समोर चित्रे मांडावीत आणि गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंनी ती आपल्या बोलीत, मराठीत वा कोकणीत, सांगावीत. पिंगुळीच्या पोथीची रीत हीच होती. ती पुन्हा सुरू करावयास खर्चही फारसा लागत नाही.