लहान व्यवसायांची संकेतस्थळे: एका रचनापद्धतीची जडणघडण

लहान व्यवसायाच्या संकेतस्थळावर येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय हवे असते, याची यादी गेल्या तीस वर्षांत फारशी बदललेली नाही. दुकान कोठे आहे, ते कधी उघडे असते, माल कोणता मिळतो, त्याचा भाव काय आणि चौकशी करायची तर कोणत्या क्रमांकावर, एवढे कळले की त्याचे काम भागते. बदलत गेले ते ही माहिती आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये येणारे अडथळे. सुटसुटीत रचनेचे जे नियम आज अभ्यासक्रमांतून शिकवले जातात, त्यांतील बहुतेक या अडथळ्यांशी झालेल्या झटापटीतून, म्हणजे मंद दूरध्वनी-जोडण्या, अपुरे अक्षरसंच आणि लहान पडदे यांच्या अडचणीतून जन्मले; आणि महाराष्ट्रातील व्यापाऱ्याच्या बाबतीत त्यांत लिपीच्या प्रश्नाचीही भर पडली.

वर्ल्ड वाइड वेब ही व्यवस्था मुळात दुकानदारांसाठी निर्माण झालेली नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ती संशोधकांचे दस्तऐवज परस्परांशी जोडण्यासाठी उभारली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केल्यावर, शिवाय त्याच वर्षी मजकुराच्या जोडीने चित्रे दाखवणारा मोझेक हा ब्राउझर आल्यावर, व्यापाऱ्यांचे तिकडे लक्ष गेले. एचटीएमएल ही वेबपृष्ठे लिहिण्याची खूणपद्धती मथळा, परिच्छेद, यादी असे मजकुराचे घटक सांगत असे. कोणता घटक पानावर नेमका कोठे बसावा, याविषयी ती जवळजवळ काहीच बोलत नसे. छापील जाहिरातीची सवय असलेल्या दुकानदाराला हे पटणारे नव्हते. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरमध्ये तक्ते मांडण्याची सोय झाली, तेव्हा आकडेवारीसाठी असलेली ही सोय रचनाकारांनी अख्खे पान चौकटींत विभागण्यासाठी वापरली. एका चौकटीत दुकानाचे बोधचिन्ह, दुसरीत विभागांची यादी, तिसरीत मालाचे चित्र. आणि दोन चौकटींत हवे तेवढे अंतर राहावे म्हणून मध्ये एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवायचे, जे वाचकाला कधी दिसतच नसे. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील पुस्तकाने ही युक्ती लोकप्रिय केली. मांडणी मजकुरापासून वेगळी ठेवणारी सीएसएस ही पद्धत त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रमाणित झाली खरी, पण ब्राउझरांनी ती अर्धवटच अंगीकारल्यामुळे तक्त्यांचे राज्य पुढे अनेक वर्षे टिकले. त्याचा भुर्दंड लहान व्यापाऱ्याला पडला. एका वस्तूचा भाव बदलायचा तर एकात एक अडकवलेल्या तक्त्यांतून नेमकी चौकट शोधावी लागे, ते मालकाच्या आवाक्यातले काम नसे, संकेतस्थळ करून देणाऱ्याकडे दर वेळी जाणे परवडत नसे, आणि मग भावपत्रक शिळेच राही.

या परावलंबनावर एक लक्षणीय उपाय अमेरिकेत निघाला. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या व्हायावेब या सेवेत मालकाला संगणकावर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नसे. ब्राउझरमध्येच माहिती भरून तो आपले ऑनलाइन दुकान मांडू शके आणि हवे तेव्हा बदलू शके. १९९८ मध्ये ही कंपनी याहूने विकत घेतली. १९९४ मध्ये स्थापन झालेली जिओसिटीज ही सेवा तर पानांसाठी फुकट जागा देत होती, आणि हौशी पानांवरील भडक पार्श्वभूमी व लुकलुकती अक्षरे घरगुती व्यवसायांच्या पानांवरही उतरली.

वापरसुलभतेचे, म्हणजे एखादी वस्तू नवख्या माणसालाही न अडखळता वापरता यावी या गुणाचे, शास्त्र मात्र वेबपेक्षा जुने आहे. डेन्मार्कचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी रॉल्फ मोलिक यांच्यासह १९९० मध्ये संगणकीय रचना तपासण्याचे ठोकताळे मांडले होते. मे १९९६ मध्ये नील्सन यांनी वेबरचनेतील दहा ठळक चुकांची यादी प्रसिद्ध केली, तीत सरकता मजकूर, उतरायला फार वेळ घेणारी पाने आणि कालबाह्य माहिती यांचा समावेश होता. ही यादी आजही जुनी वाटत नाही, हे रचनाकारांच्या व्यवसायाला फारसे भूषणावह नाही. लहान व्यवसायाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरले ते त्यांचे २००० मधील प्रतिपादन की, चाचणीसाठी मोठा खर्च लागत नाही आणि पाच जणांना संकेतस्थळ वापरताना नीट पाहिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात. त्याच वर्षी स्टीव्ह क्रुग यांचे पानाने वाचकाला विचारात पाडू नये असे सांगणारे छोटेखानी पुस्तकही आले. तरीसुद्धा त्या काळात चलती होती ती फ्लॅश या चलच्चित्र-तंत्राची. मुखपृष्ठाआधी संगीतासह एक लहानसा चित्रपट, आणि कोपऱ्यात तो वगळण्याचे बटण, हा थाट उपाहारगृहांपासून दागिन्यांच्या पेढ्यांपर्यंत दिसे. वगळण्याचे बटण द्यावे लागते यातच त्या चित्रपटाची उपयुक्तता काय ती कळून येते.

भारतात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि आरंभीच्या शहरांत मुंबई होती. दूरध्वनीच्या तारेवरून होणाऱ्या त्या जोडणीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट धरला, तर १०० किलोबाइटचे एक चित्र उतरायला ८० सेकंदांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ फोनचे मीटरही चालूच असते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली, सायबर कॅफे वाढले, पण पान हलके असावे ही निकड कायम राहिली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंडियामार्टने भारतीय उत्पादकांची माहिती परदेशी खरेदीदारांपुढे ठेवली. त्यामुळे लहान उद्योगांच्या या पहिल्या पिढीतील पाने इंग्रजीत असणे स्वाभाविकच होते. शेजारच्या गिऱ्हाइकासाठी मराठीत पान करावे असे कोणाच्या मनात आले, तरी ते सोपे नव्हते.

याचे कारण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये स्वीकारली गेली, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने तिच्यावर आधारित साधने तयार केली, आणि जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला जागा मिळाली; पण सर्वसामान्य संगणकांना यांपैकी काहीच समजत नव्हते. म्हणून डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, व्यवसायातली युक्ती वेबवर आली. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी अक्षरांचे तुकडे, काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसवायची, आणि कोणत्या घरात कोणता तुकडा हे प्रत्येक फाँटच्या निर्मात्याने आपल्या मनाप्रमाणे ठरवायचे. असे पान उघडण्यापूर्वी वाचकाने तो विशिष्ट फाँट उतरवून संगणकाच्या फाँटच्या फोल्डरमध्ये टाकावा, अशी सूचना मुखपृष्ठावर असे. सायबर कॅफेत तशी परवानगी सहसा नसे, आणि मग भावपत्रकाच्या जागी रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक खिचडी दिसे. आपोआप उतरणाऱ्या फाँटचा उपाय निघाला, परंतु नेटस्केपला एका प्रकारचा फाँट लागे आणि मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरला दुसऱ्या. यातून सुटण्यासाठी मराठी मजकुराचे चित्र करूनच ते पानावर चिकटवले जाई. ते सर्वत्र सारखे दिसे, मात्र जड असे, त्यातला फोन क्रमांक उचलून घेता येत नसे आणि शोधयंत्राला त्यातले एक अक्षरही वाचता येत नसे.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्याबरोबर र. कृ. जोशी या मुंबईच्या अक्षररचनाकारांनी घडवलेला मंगल हा फाँटही. विंडोज एक्सपीत मात्र ही सोय मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी बऱ्याचदा मूळ सीडी शोधावी लागे, जी दुकानातल्या संगणकाजवळ सापडेलच याची शाश्वती नसे. मराठी पान गिऱ्हाइकाला वाचता येईल, अशी खात्री व्यापाऱ्याला वाटू लागायला यामुळे आणखी काही वर्षे गेली. तोवर संकेतस्थळ इंग्रजीतच असते हा समज पक्का झाला होता. राज्य शासनाने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांवरही मराठी पाटी बंधनकारक केली, परंतु ते बंधन रस्त्यावरच्या पाटीपुरते आहे, आणि मराठी पाटीखालच्या दुकानाचे संकेतस्थळ पूर्ण इंग्रजीत असणे ही आजही नेहमीची बाब आहे.

यानंतरचे मोठे वळण मोबाइलने आणले. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी प्रतिसादी रचना ही कल्पना मांडली; एकच पान पडद्याच्या रुंदीनुसार स्वतःची मांडणी बदलते, असे तिचे स्वरूप होते. २१ एप्रिल २०१५ पासून गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरील शोधात झुकते माप देण्यास सुरुवात केली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त डेटामुळे लहान गावांतले गिऱ्हाईकही याच पडद्यावर येऊ लागले. संगणकासाठी आखलेले तीन स्तंभांचे पान तेथे एका स्तंभाचे झाले, बोटाने दाबताच थेट फोन लागेल असा क्रमांक वर आला, आणि ज्यांना जागाच उरली नाही अशा कितीतरी सजावटी गळून पडल्या. रचनाकारांच्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते पडद्याच्या अरुंदपणाने साधले, असे म्हणायला हरकत नाही. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने पैसे देण्याची अडचणही बरीच कमी केली.

लहान व्यापाऱ्याला संकेतस्थळ स्वतःच्या हाताने चालवता यावे, ही व्हायावेबपासूनची धडपड २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीने पुढे नेली. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने भारतातील लहान व्यवसायांना पहिल्या वर्षासाठी मोफत संकेतस्थळ देण्याची मोहीम आखली. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसने दुकानाची वेळ, पत्ता आणि पुढे मालाची सूचीही गप्पांच्या खिडकीत आणली, तेव्हा अनेकांना स्वतंत्र संकेतस्थळाची गरजच वाटेनाशी झाली. या सोयींचा एक धोका जिओसिटीजच्या वेळीच दिसला होता. याहूने १९९९ मध्ये विकत घेतलेली ती सेवा २००९ मध्ये बंद केली आणि तिच्यावरची पाने निराधार झाली. गूगलने २०१७ मध्ये दुकानाच्या नोंदीवरून काही मिनिटांत मोफत संकेतस्थळ करून देणारी सोय आणली आणि मार्च २०२४ मध्ये ती बंद केली. ज्यांनी स्वतःचे डोमेन, म्हणजे वेबवरील स्वतःच्या मालकीचे नाव, नोंदवले होते त्यांना ते दुसरीकडे वळवता आले. गूगलने दिलेल्या पत्त्यावरच विसंबलेल्यांचे गिऱ्हाईक १० जूनपर्यंत दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे वळवले गेले, आणि त्यानंतर तो पत्ता उघडेनासा झाला.