यंत्र वाजते, वाजवतो कोण? : स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना

पनवेल तालुक्यातल्या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र असली की मांडवात बेंजो, कीबोर्ड आणि ऑक्टापॅड हमखास वाजतात. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेला बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ताइशोगोतो 1912 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात तयार झाला. आपल्याकडे त्याला पिकअप बसला, तो अँप्लिफायरला जोडला गेला आणि वरातीबरोबर चालू लागला. रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड 1985 च्या सुमारास आला आणि पुढे लावणीपासून भजनापर्यंत कुठेही बसू लागला. विजेवर चालणारी वाद्ये चारचौघांत वाजवणे या भागाला असे पुरते अंगवळणी पडलेले असताना, ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ म्हटल्यावर नवीन पनवेलमधला कॉलेजचा विद्यार्थी आधी बर्लिनचे नाव घेतो. बर्लिन असू द्या. पण आपली वंशावळ तिथून सुरू करण्याचे कारण नाही.

स्वतःच्या रचना घेऊन, चित्रपटगीतांचा किंवा कंपनीचा आधार न घेता, लोकांसमोर उभे राहू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. स्वरज्ञान असलेले, फक्त सॉफ्टवेअर येणारे आणि दोन्ही नसलेले, अशा तिघांनाही ते वाचता येईल.

भारतातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा अभ्यास दोन ठिकाणांपासून करता येतो. पहिले अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी 1969 मध्ये तिथे मूग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाई यांच्यासह अनेकांनी त्यावर प्रयोग केले. त्या ध्वनिफिती लोकांच्या कानांवर यायला 2023 उजाडले. दुसरे ठिकाण मुंबई. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे राग, आणि हाताशी रोलँडची तीन यंत्रे: ज्युपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303.

यातले 303 नीट समजून घेण्याजोगे आहे. एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते. बास गिटारचे सोंग त्याला जमले नाही आणि 1984 पर्यंत त्याचे उत्पादनही थांबले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. शिकागोच्या तरुणांनी 1987 मध्ये तिच्यातून ‘ॲसिड’ नावाचा प्रकार उभा केला. सिंग यांना पाच वर्षे आधीच तिच्यात मींड सापडली होती. रेकॉर्ड त्या वेळी खपली नाही. 2010 मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपच्या मंचांवर वाजवू लागले. 2015 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. ॲसिडचा शोध कोणाचा, हा वाद रंगतो खूप, पण शिकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. रागाचे चलन आणि यंत्राचा क्रम यांचा सांधा त्यांनी कसा जुळवला, हे मात्र स्वर लिहून काढून तपासावे.

आता मूळ प्रश्न. यंत्र आपोआप वाजत असेल तर मंचावरचा माणूस काय करतो? लॅपटॉपमागे मान डोलावणारा कलाकार पाहून ही शंका येते, आणि ती रास्त आहे. माझ्या मते सादरीकरणाची कसोटी एकच: मंचावर पाऊल ठेवेपर्यंत काय ठरवायचे शिल्लक ठेवले आहे? बंदिश ठरलेली असते, बढत मोकळी असते. त्याच न्यायाने लूप, ठेका, आवाजाचा पोत घरी तयार करावा. कोणता लूप किती वेळ चालेल, फिल्टर कधी उघडेल, ठेका कधी तुटेल, हे समोरच्या माणसांवर सोडावे. सगळेच आधी ठरलेले असेल तर ती ध्वनिमुद्रणाची जाहीर सुनावणी झाली. हळदीतला ऑक्टापॅडवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून ठेका बदलतो. त्याला कलाकार म्हणायला आपण कचरतो, हा दोष आपल्या कानांचा.

जागेचा अभ्यास हा या विद्येचा अर्धा भाग आहे, आणि मुंबईच्या क्लबांवर बेतलेली पुस्तके नेमका तोच गाळतात. पन्नास हर्ट्झच्या बासची तरंगलांबी सुमारे सात मीटर असते. सिडकोच्या इमारतीची भिंत तिला फारशी अडवत नाही. त्यातून ध्वनिमापक ज्या ‘ए’ श्रेणीत मोजतो, ती याच स्वराला सुमारे 30 डेसिबल कमी लेखते. म्हणून आकडा मर्यादेत दिसतो आणि शेजारच्यांच्या खिडक्या थरथरतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सवलतीचे मोजके दिवस सणांकडे जातात, तुमच्याकडे नव्हे. त्यामुळे रचना करतानाच बास आवरता ठेवण्याची आणि मधल्या सप्तकात रंग भरण्याची सवय लावावी. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागेत प्रश्न वेगळे येतात. तिथे रिकाम्या आणि भरलेल्या खुर्च्यांत आवाज बदलतो.

परवान्यांचे प्रकरण छोटे आहे. दुसऱ्याचे गाणे रिमिक्स करून तिकीट लावायचे असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते. रचना सर्वस्वी स्वतःची असेल आणि तिचे हक्क कोणाला दिलेले नसतील, तर ही कटकट उरत नाही. मनोरंजनाचा आणि ध्वनिक्षेपकाचा परवाना मात्र तरीही लागतो.

वाचकांना एक विनंती. पहिला कार्यक्रम वीस मिनिटांचाच करा, पण त्याचे ध्वनिमुद्रण, तारीख, जागा आणि वाद्यांची जोडणी टिपून ठेवा. बेंजो पार्ट्यांच्या कितीतरी रात्री कोणी टिपून न ठेवल्यामुळे अभ्यासाच्या बाहेर राहिल्या. तुमच्या तशा राहू देऊ नका.