माशीएवढी गोष्ट

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, त्याला ‘माशी’ म्हणतात. मागच्या खाचेतून ती बघायची आणि तिच्या टोकावर नेम धरायचा. ती केसभर सरकली तर? हिशोब करून बघा. पिस्तुलावर खाच आणि माशी यांत साधारण १५ सेंटिमीटर अंतर असतं. माशी ०.१ मिलिमीटर हलली, की २५ मीटरवर गोळी दीड सेंटिमीटरहून जास्त चुकते. एक मिलिमीटर हलली, तर जवळजवळ वीतभर.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र बराच काळ हा हिशोब कुणाला लागला नाही. गावातली बंदूक म्हणजे भरमार. तोंडातून दारू भरायची, वर छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे लांबचा नेम नाहीच. माशी असलीच तर पितळेचा एक ठिपका, झाळून बसवलेला. निघाला तर लोहार होताच.

१८५८ साली याच मुलखात बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी दिली गेली. पुढे १८७८च्या शस्त्र कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. चांगली रायफल साहेबाच्या आणि बड्या शिकाऱ्याच्या हातात राहिली. साहेबाची अडचण वेगळी होती. मचाणावर रात्री माशीच दिसायची नाही. म्हणून काही रायफलींना पांढरी, जाड, जास्तीची माशी बिजागरीवर असायची. दिवसा आडवी, चांदण्यात उभी. ती नसेल तर नळीच्या टोकाला कापूस नाहीतर कागद बांधायचा.

आता स्क्रूकडे येऊ. त्यासाठी अमेरिकेतल्या हार्टफर्ड या शहरात जावं लागतं. कोल्टचा रिव्हॉल्व्हरचा कारखाना तिथलाच. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये मागची खाच घोड्यावरच कोरलेली असे. घोडा ओढल्याशिवाय नेमच धरता येत नसे.

त्या काळच्या कारखान्यांत फिरत्या दांड्यावर पुली पक्की करायला चौकोनी डोक्याचे स्क्रू लावत. ही डोकी बाहेर आलेली असत. त्यांत कामगाराची बाही अडकली, की माणूस दांड्याभोवती ओढला जाई. हात जात, जीव जात. १९१०मध्ये हार्टफर्डच्याच विल्यम अॅलन यांनी डोकं नसलेला, आत षटकोनी खाच असलेला स्क्रू बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. स्क्रू भोकात पूर्ण बुडाला, बाहेर अडकायला काही उरलं नाही. आपल्याकडचा मेकॅनिक ज्याला ‘ग्रब स्क्रू’ म्हणतो तो हाच, आणि ‘अॅलन की’ हे नावही तिथूनच आलं. १९५३मध्ये त्याच शहरातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी हवा तुटली की घट्ट होणारा द्रव बनवला: लॉकटाइट. धक्क्यांनी स्क्रू सैल होऊ नये म्हणून.

आज काही पिस्तुलांची माशी अशाच तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूवर टिकते. ती बदलणारा परवानाधारक कारागीर आधी पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा तपासतो. मग खाली पांढरं कापड अंथरतो, कारण हा स्क्रू जमिनीवर पडला की गेलाच. आटे तेल काढून कोरडे करतो, एक थेंब द्रव लावतो आणि बेताने आवळतो. जोर जास्त झाला तर खाच गोल होते आणि स्क्रू ना पुढे ना मागे. माशीचा नियम मात्र उलटा वाटतो: ती चुकीच्या मागे जाते. गोळी डावीकडे लागते? माशी डावीकडे सरकवा. खाली लागते? बुटकी माशी लावा.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा काळ संपवला. १९८२मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. अलीकडे तिथल्या गावकऱ्यांनी भरमार बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या येतात. धानाच्या शेतात रानडुकरं अजूनही उतरतात, आणि राखणदाराच्या हातात आता टॉर्च नाहीतर डबा असतो.

साहेबाची पांढरी माशी संग्रहातली वस्तू झाली. कामगाराचा हात वाचवायला निघालेला तो बिनडोक्याचा स्क्रू मात्र तुमच्या घरातल्या नळात आणि दाराच्या मुठीतही असेल. दिसत नाही, कारण तो दिसू नये म्हणूनच बनवला होता.