बांगर, संजय बापूसाहेब

(११ ऑक्टोबर १९७२ – ). भारताचे कसोटी क्रिकेटपटू, रेल्वे संघाचे अष्टपैलू खेळाडू आणि प्रशिक्षक. जन्म मराठवाड्यातील बीड येथे. शिक्षण औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व मुंबई येथे. उजव्या हाताचे फलंदाज व मध्यमगती गोलंदाज. १९९३-९४च्या हंगामात रेल्वेकडून रणजी करंडक स्पर्धेत पदार्पण. डिसेंबर २००१ ते डिसेंबर २००२ या काळात १२ कसोटी सामने, त्यांत २९.३७च्या सरासरीने ४७० धावा, एक शतक आणि ७ बळी. १५ एकदिवसीय सामन्यांत १८० धावा व ७ बळी. प्रथम श्रेणीचे १६५ सामने, ८,३४९ धावा आणि ३०० बळी. जानेवारी २०१३मध्ये निवृत्ती.

यांतले कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांचे आकडे पाहून बांगर यांची गणना येऊन गेलेल्या खेळाडूंत केली जाते. ती अपुरी आहे. क्रिकेटपटूची कारकीर्द म्हणजे केवळ देशाच्या संघातला मुक्काम नव्हे. पोटापाण्याचा व्यवसाय म्हणून दोन दशके खेळत राहणे, संघाला जे हवे ते करणे आणि बॅट खाली ठेवल्यावर तीच विद्या इतरांना देणे, हे सगळे मिळून कारकीर्द होते. बांगर यांच्याकडे तसे पाहिले पाहिजे, आणि बिदर जिल्ह्यातल्या नौबाद, भालकी, बसवकल्याणच्या मराठी वाचकाने तर मुद्दाम पाहिले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बीड आणि बिदर हे एकाच हैदराबाद राज्याचे जिल्हे होते. पुढे बीड मुंबई राज्यात आणि तेथून महाराष्ट्रात गेले, बिदर म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. क्रिकेटच्या कारभारात मात्र दोघांच्या वाट्याला सारखेच अंतर आले. बीडच्या मुलाला पुणे-मुंबई दूर, बिदरच्या मुलाला बेंगळुरू त्याहून दूर. अशा मुलखातला मुलगा व्यावसायिक क्रिकेटपटू कसा होतो, याचे उत्तर बांगर यांच्या कारकिर्दीत सापडते.

त्या उत्तराचा गाभा रेल्वे हा आहे. रणजी करंडकातले बहुतेक संघ प्रदेशांचे असतात. रेल्वे आणि सेनादल हे त्याला अपवाद. रेल्वेच्या संघात खेळाडूचा जिल्हा विचारला जात नाही. ज्यांना आपल्या प्रदेशाच्या संघात जागा मिळत नाही, त्यांना तेथे नोकरी मिळते, ठरलेला पगार मिळतो आणि प्रथम श्रेणीचे सामने मिळतात. आयपीएल सुरू झाली २००८मध्ये. त्याआधीच्या काळात देशी क्रिकेटवर घर चालवणे अवघड होते आणि अशी नोकरी हाच व्यवसायाचा कणा होता. बांगर आठ वर्षे या संघात घडले आणि २९व्या वर्षी भारताकडून खेळले. रेल्वेने पहिले रणजी विजेतेपद मिळवले ते २००१-०२मध्ये आणि दुसरे २००४-०५मध्ये. दोन्ही वेळी बांगर त्या संघात होते. मोहाली येथे डिसेंबर २००१मध्ये इंग्लंडविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच सामन्यात औरंगाबादचे वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी यांनीही पदार्पण केले. मराठवाड्यातले दोन खेळाडू एकाच दिवशी कसोटीपटू झाले. सिद्दीकी यांची ती पहिली आणि शेवटची कसोटी ठरली, यावरून त्या पायरीवर टिकणे किती कठीण होते ते कळते.

बांगर टिकले ते संघ सांगेल तेथे उभे राहण्याच्या तयारीमुळे. फेब्रुवारी २००२मध्ये नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध त्यांनी सातव्या क्रमांकावर नाबाद १०० धावा केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडविरुद्ध हेडिंग्ले येथे त्यांना थेट सलामीला पाठवण्यात आले. ढगाळ हवा आणि गोलंदाजांना साथ देणारी खेळपट्टी असतानाही सौरव गांगुली यांनी नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली होती. वीरेंद्र सेहवाग लवकर बाद झाले. मग बांगर आणि राहुल द्रविड यांनी १७० धावांची भागीदारी केली. बांगर यांच्या ६८ धावांना २३६ चेंडू लागले. त्या डावात द्रविड (१४८), सचिन तेंडुलकर (१९३) आणि गांगुली (१२८) यांची शतके झाली, भारताने ८ बाद ६२८वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगर यांनी दोन बळीही घेतले. तीन महिन्यांनी अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध ३२५ धावांचा पाठलाग करताना याच फलंदाजाने ४१ चेंडूंत नाबाद ५७ धावा केल्या. आधी खिंड लढवणारा आणि नंतर तुटून पडणारा खेळाडू एकच होता. बदलली होती ती संघाची गरज.

यावर पहिला आक्षेप असा की एका खेळीवर कारकीर्द उभी राहत नाही. न्यूझीलंड दौऱ्यात बांगर अपयशी ठरले, डिसेंबर २००२नंतर कसोटी खेळले नाहीत आणि २००३च्या विश्वचषक संघात असूनही त्यांना एकही सामना मिळाला नाही. हे सारे खरे आहे. जातिवंत सलामीवीर ते नव्हतेच. पण हेडिंग्लेची खेळी नशिबाने हाती लागलेली नव्हती. रणजीच्या मैदानांवर वर्षानुवर्षे नव्या चेंडूपुढे उभे राहण्याची जी सवय लागली, तिचेच ते फळ होते. कसोट्या १२ आणि प्रथम श्रेणीचे सामने १६५, हे प्रमाणच सांगते की त्यांच्या व्यवसायाचे मूळ कोठे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बांगर घडले मुंबईत, मग बीडचे श्रेय काय? श्रेय बीडला द्यायचेच नाही. घर सोडल्याशिवाय त्यांना शिडी सापडली नाही, हाच येथे मुद्दा आहे. ज्या संस्थेने त्यांना पुढे नेले, तिला त्यांच्या गावाशी कर्तव्य नव्हते, ही गोष्टही त्याच मुद्द्याला बळ देते.

मैदानावर मिळवलेले ज्ञान पुढे प्रशिक्षणात उतरले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली किंग्ज इलेव्हन पंजाब संघ २०१४मध्ये आयपीएलच्या अंतिम सामन्यात पोहोचला. त्याच वर्षी ते भारताचे फलंदाजी प्रशिक्षक झाले आणि २०१९पर्यंत त्या पदावर राहिले. २०१८-१९मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली, ती याच काळात. २०१९च्या विश्वचषकात चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाचा प्रश्न सुटला नाही, त्याचा दोष त्यांच्याकडे आला आणि इतर साहाय्यक प्रशिक्षक कायम राहिले तरी त्यांना पद सोडावे लागले. त्या अपयशाची नोंद राहायलाच हवी. मात्र मालिका-विजयाची नोंदही तिच्या शेजारीच असावी. पुढे २०२२ व २०२३च्या आयपीएल हंगामांत ते बेंगळुरूच्या रॉयल चॅलेंजर्स संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

बांगर यांच्या कारकिर्दीवरून एक निष्कर्ष ठामपणे काढता येतो. गुण जिल्हा पाहून जन्मत नाहीत. त्यांना नोकरी, नियमित सामने आणि वेळ देणारी संस्था लागते. बीडच्या एका खेळाडूला ती रेल्वेत मिळाली, आणि त्याने तिला वीस हंगामांची सेवा दिली.