मिनी कूपरच्या ब्रेकप्रणालीतील सुधारणा

मिनी कूपर आणि मिनी कूपर एस या ब्रिटिश मोटारींच्या मूळ ब्रेकप्रणालीत वाढीव इंजिनशक्तीच्या मानाने जे फेरबदल केले जातात, त्यांचा विचार या लेखात केला आहे. वजनाने हलक्या, परंतु शक्तीने भारी अशा जुन्या मोटारींचा प्रश्न समजून घेण्यास ही गाडी उत्तम उदाहरण होय. तिचे बहुतेक सर्व बदल कारखान्यातच टप्प्याटप्प्याने झाले आणि पुढे हौशी मालकांनी त्याच वाटेने आणखी मजल मारली.

पार्श्वभूमी

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली मिनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५९ साली बाजारात आणली. गाडीचे वजन सुमारे ६०० किलोग्रॅम, इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती ३४ अश्वशक्ती. प्रवाशांना अधिकाधिक जागा मिळावी म्हणून चाकांची रिम अवघी १० इंची ठेवली होती. या लहान रिममध्ये मावतील एवढेच ड्रम ब्रेक चारही चाकांना बसवले गेले. ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या कौटुंबिक गाडीला ते पुरेसे होते.

फॉर्म्युला वन शर्यतींची १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षे विजेतेपदे मिळवणाऱ्या कूपर संघाचे जॉन कूपर यांनी या गाडीतील क्षमता ओळखली. १९६१ साली आलेल्या मिनी कूपरचे इंजिन ९९७ घनसेंटिमीटरचे व ५५ अश्वशक्तीचे होते. पुढच्या चाकांना ७ इंच व्यासाचे डिस्क ब्रेक देण्यात आले. डिस्क ब्रेकची उपयुक्तता जॅग्वार कंपनीने १९५३ च्या ल मां शर्यतीत सिद्ध केली होती. मात्र मिनीच्या चाकात मावणारी ही चकती इतकी लहान होती की ड्रमच्या तुलनेत तिचा लाभ नावापुरताच होता. १९६३ च्या कूपर एसमध्ये चकती ७.५ इंचांची व अधिक जाड झाली, सोबत निर्वात-साहाय्यक सर्व्हो आला. पॅडी हॉपकर्क यांनी १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली ती याच गाडीतून. आल्प्समधील बर्फाळ घाट उतरताना ब्रेकवर किती भिस्त असते, हे निराळे सांगावयास नको.

प्रश्नाचे स्वरूप

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित करतो. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकासह ६५० किलोग्रॅम वजनाची मिनी ताशी ११५ किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ३३० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना सामावून घ्यावी लागते. १२७५ घनसेंटिमीटरच्या कूपर एसच्या ताशी १५५ किलोमीटर वेगावरून थांबताना ती सुमारे ६०० किलोज्यूल होते. म्हणजे वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण उष्णता ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढली. शिवाय शक्तिमान इंजिन गाडीला पुन्हा लगेच त्या वेगावर नेते, त्यामुळे दोन ब्रेकमधील थंड होण्याचा अवधीही कमी होतो.

ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो व पेडल अधिक खोल दाबावे लागते. लायनरचे घर्षणही उष्णतेने घटते. यास तंत्रज्ञ ‘फेड’ म्हणतात. लांब घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर पेडल कडक लागते, तरी गाडी मात्र आवरत नाही, अशी ही अवस्था असते. द्रव उकळल्यास प्रकार निराळा होतो. वाफ दाबली जाते, पेडल थेट तळाला टेकते आणि ब्रेक उरतच नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जे ब्रेक चाके जाम करू शकतात, त्यांच्या जागी मोठे ब्रेक बसवल्याने एका खेपेचे थांबण्याचे अंतर कमी होत नाही. ती मर्यादा टायरच्या पकडीची असते. मोठ्या ब्रेकचा खरा लाभ वारंवार वापरात टिकणाऱ्या कामगिरीत आहे. सर्व्होविषयीही हेच. तो पायाचे श्रम वाचवतो, उष्णता वाहून नेत नाही.

पुढील ब्रेक

कारखान्यातील सर्वात मोठी चकती ८.४ इंचांची. ती १९७४ मध्ये १२७५ जीटीला १२ इंची चाकांसह मिळाली आणि १९८४ पासून सर्व मिनींना. १० इंची चाकात ती मावत नाही. म्हणून ज्यांना जुने रूप राखायचे असते ते कूपर एसची ७.५ इंची चकती व पुढे हलक्या धातूचे चार पिस्टनचे कॅलिपर वापरतात. चाके बदलण्यास हरकत नसलेले ८.४ इंचांकडे वळतात. मेट्रो या नात्याने जवळच्या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर, तसेच तिच्या टर्बो आवृत्तीची मधून हवा खेळणारी चकतीही लोकप्रिय आहे. चाकाच्या आतील मोकळी जागा आधी मोजणे श्रेयस्कर. भोके पाडलेल्या चकत्या दिसावयास आकर्षक असल्या तरी भोकांपाशी तडे जाण्याचा संभव असतो.

पॅडची निवड चकतीइतकीच महत्त्वाची आहे. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. सकाळी थंड गाडी घराबाहेर काढताना ते धोकादायक ठरू शकतात.

मागील ब्रेक व समतोल

या विषयातील जोखमीचा भाग हाच. मिनीचे इंजिन पुढे आडवे असल्याने उभ्या गाडीचे सुमारे ६२ टक्के वजन पुढे असते. चाकांच्या आसांमधील अंतर २.०४ मीटर आहे. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर मानला, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मंदनात सुमारे १२७ किलोग्रॅम भार पुढे सरकतो आणि ६५० किलोग्रॅमपैकी मागील दोन चाकांवर जेमतेम १२० किलोग्रॅम उरतो. अशा स्थितीत मागील ब्रेक जोरात लागले की ती चाके आधी जाम होतात व गाडी स्वतःभोवती फिरते. पुढची चाके आधी जाम झाल्यास गाडी निदान सरळ तरी जाते.

यासाठी मिनीत मागील चाकांकडे जाणारा दाब मर्यादित करणारी झडप मूळचीच असते. पुढे सुधारणा करून ही झडप काढून टाकणे किंवा मागे मोठे व्हील सिलिंडर बसवणे ही घोडचूक होय. उलट, पुष्कळदा मागे कमी व्यासाचे सिलिंडर बसवावे लागतात. उष्णता लवकर जावी म्हणून पंख असलेले अ‍ॅल्युमिनियमचे ड्रम वापरतात, आणि ते पुरेसे असतात. मागेही डिस्क बसवण्याचा खर्च रस्त्यावरील गाडीसाठी क्वचितच सार्थकी लागतो.

द्रव व मास्टर सिलिंडर

कॅलिपरमधील पिस्टनांचे क्षेत्रफळ वाढले की त्यांना अधिक द्रव लागतो व पेडल लांब जाते. मास्टर सिलिंडरचा व्यास ०.७० वरून ०.७५ इंच केल्यास ही लांबी घटते, परंतु तेवढ्याच दाबासाठी पायाला सुमारे १५ टक्के अधिक जोर लावावा लागतो. सुरुवातीच्या मिनींत चारही चाकांसाठी एकच जलमार्ग होता. एक नळी फुटली की सारे ब्रेक जात. पुढील काळातील दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे ही वेग न वाढवणाऱ्या मालकानेही करावी अशी सुधारणा आहे.

बोलीत ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात ते खनिज तेल नव्हे. त्यात खनिज तेल मिसळले तर रबरी सील फुगतात. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो, पण हवेतील ओलावा शोषल्यावर तो १५५° पर्यंत उतरू शकतो. म्हणून महागड्या कॅलिपरपूर्वी जुना द्रव बदलून नळ्यांतील हवा काढणे, हा सर्वात स्वस्त व बहुधा सर्वात परिणामकारक उपाय ठरतो. सिलिकोनयुक्त डॉट ५ द्रव मात्र इतरांत मिसळू नये.

मूळ स्वरूप व नियम

ब्रिटनमध्ये असे बदल विमा कंपनीस कळवावे लागतात. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यतींत मोटारी त्या त्या काळच्या तांत्रिक स्वरूपातच असाव्या लागतात, त्यामुळे तेथे आधुनिक कॅलिपर चालत नाहीत. अनेक मालक म्हणूनच मूळचे ड्रम, चकत्या व कॅलिपर तेल लावून, नावे लिहून जपून ठेवतात.