हैदराबादची विमानं आणि कोर्डाचा स्वस्त सिनेमा

बीडजवळच्या पालीचा शेतसारा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात जमा होत होता. पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांना बॉम्बफेकी विमानं भेट दिली. त्या 110व्या तुकडीला 'हैदराबाद' हे नाव कायमचं चिकटलं. 4 सप्टेंबर 1939 रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हीच तुकडी ब्लेनहाइम विमानं घेऊन विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन युद्धनौकांवर गेली. एका विमानात तिघेच. 'ॲडमिरल शेर'वर बॉम्ब पडले, पण फुटले नाहीत. 110च्या पाचांपैकी चार विमानं परतली; सोबतच्या 107व्या तुकडीचं पाचांतलं एकच.

दोन-तीन महिन्यांत अलेक्झांडर कोर्डाने 'द लायन हॅज विंग्ज' पडद्यावर आणला. घाईचा, कमी पैशांचा, जुन्या चित्रफिती जोडून केलेला. त्यात हल्ला कीलचा, विमानं वेलिंग्टन, आणि सगळं फत्ते! फुसके बॉम्ब कोण दाखवणार? त्यातली मर्ल ओबेरॉन (कोर्डाची बायको) मुंबईत जन्मलेली, पण जन्मगाव टास्मानिया सांगायची.

आपल्याकडे निजाम म्हटलं की रझाकार आठवतात, आठवायलाच हवेत. पण या दानाबद्दल सारा भरणाऱ्या मराठवाड्यातल्या हिंदू-मुसलमान शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.