कॉनिबेअर, हेन्री
एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश स्थापत्य अभियंता. वडील विल्यम डॅनियल कॉनिबेअर हे धर्मोपदेशक आणि नामांकित भूवैज्ञानिक. प्लेसिओसॉरस या नामशेष सागरी सरीसृपाचे नाव त्यांनीच रूढ केले. धर्म आणि शास्त्र दोन्ही घरातच मिळालेल्या हेन्रीने मुंबईत नोकरी करताना पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आराखडा केला (काम सुरू 1847, अभिषेक 1858). मुंबईकरांवर त्याचे खरे ऋण मात्र पाण्याचे. त्याच्या योजनेनुसार मिठी नदी अडवून बांधलेल्या विहार तलावामुळे (1860) शहराला प्रथमच नळाचे पाणी मिळाले. इंग्लंडला परतल्यावर भाऊ चार्ल्स धर्मगुरू असलेल्या इचेन स्टोक गावासाठी त्याने सेंट मेरी चर्च उभारले (1866). पॅरिसच्या सेंत-शापेलची छाप त्यावर उघड दिसते. खेड्याच्या मानाने ते जरा थाटाचेच.